आधी काढण्याचं विचारा

केस जोडून देणाऱ्या सलूनमध्ये शिरलं की बाईला बरंच काही विचारतात. लांबी कुठपर्यंत हवी, रंग आहे तोच ठेवायचा की टोकांना सोनेरी छटा द्यायची, कार्यक्रम कधी आहे. एक गोष्ट मात्र बाईनेच विचारायची असते आणि आरशासमोर बसल्यावर ती हमखास राहून जाते. हे केस काढणार कोण, कधी आणि कुठे?

मुळशी तालुक्यातल्या माले गावी लग्न होऊन आलेल्या एका तरुणीला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं ते भर आषाढात. तिचं माहेर कोथरूडचं, आणि सलूनही घरापासून चालत जाण्यासारखं. सासर मात्र पुण्याहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणाच्या बाजूला. पौड, पिरंगुट, भूगाव ओलांडून चांदणी चौकात पोचायचं तर पावसाळ्यात अर्धा दिवस त्यातच जातो. केस निवडताना तिने चेहरा पाहिला, शालूचा रंग पाहिला, मोबाइलमधले पन्नास फोटो पाहिले. लग्नानंतर आपण राहणार कुठे, याचा आणि केसांचा काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नाही. सलूनवाल्यांनीही ते विचारलं नाही.

केस जोडून घेण्याचं कारण तसं रास्त होतं. हिवाळ्याच्या शेवटी तिला टायफॉइड झाला आणि दोनेक महिन्यांनी केस मुठीने गळू लागले. मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असं होतं. शरीरावर ताण आला की एरवी वाढत राहिले असते ते पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते तीन महिन्यांनी एकदमच गळतात. बहुतेकींचे ते परत येतात, पण त्याला महिने लागतात. लग्न मे महिन्यात होतं आणि मुहूर्त काही केसांसाठी थांबत नाही.

सलूनने टेप-इन सुचवलं. तंत्र साधं आहे. सुमारे ४ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पातळ पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येकीच्या वरच्या कडेला चिकट टेप आणि खाली लोंबणारे केस. मूळ केसांचा पातळसा थर मध्ये धरून दोन्ही बाजूंनी पट्ट्या दाबून बसवायच्या. तासा-दीड तासात डोकं भरतं, टोचत नाही, भाजत नाही. मात्र केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात आणि पट्टी त्यांच्याबरोबर मुळापासून दूर जाते. म्हणून दर ६ ते ८ आठवड्यांनी सगळ्या पट्ट्या सोडवून, जुना गोंद पुसून, नव्या टेपने पुन्हा मुळाजवळ बसवाव्या लागतात. हे तिला रीतसर सांगितलं होतं. पण लग्नाच्या गडबडीत पुढचे आठ आठवडे कुणाला दिसतात?

पहिला घोटाळा झाला तो थेट मांडवात. टेप बसवल्यावर निदान ४८ तास डोक्याला पाणी लावायचं नाही आणि मुळांना तेल तर कधीच नाही, असा नियम आहे. गोंद केसांवर पक्का बसायला तेवढा वेळ लागतो आणि तेलाने त्याची पकड सुटते. सलूनमध्ये वेळ मिळाली ती हळदीच्या आदल्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी तेलवण, मग हळद, मग हळदीचं न्हाणं. करवल्या, वहिन्या, आत्या, मावश्या यांच्या हातात हळदीची वाटी आली की नवरीचं डोकं वाचवणं कुणाला जमलं आहे? तेलात कालवलेली हळद भांगात गेली आणि त्यावर कढत पाण्याचे तांबे पडले. लग्नाच्या दिवशी मेकअप करणाऱ्या ताईंनी भांग काढला तेव्हा कानामागच्या तीन पट्ट्या घरंगळून मानेवर आल्या होत्या. हलक्या रंगाची टोकं पिवळीधमक झाली होती. विकतचे केस रासायनिक प्रक्रियेतून गेलेले असतात. ते रंग पटकन पितात, त्यात हळदीचा तर आधी. ऊन लागलं की हळदीचा रंग हळूहळू उतरतो, पण मुहूर्ताला तासच उरले असतील तर तेवढं ऊन आणायचं कुठून! पट्ट्या आकड्यांनी डोक्याला जखडल्या आणि वेळ मारून नेली.

आपल्याकडच्या लग्नांचं वेळापत्रक पाहता टेप किंवा गोंदाचे केस बसवायचेच असतील तर हळदीच्या निदान आठवडाभर आधी बसवावेत. त्या आठवड्यात एकदोनदा न्हाऊन घ्यावं, म्हणजे कुठे सैल बसलंय ते घरीच कळतं आणि सलूनला दुरुस्तीला वेळ मिळतो. हळदीला डोक्याला पंचा घट्ट गुंडाळावा, तेल हातापायांपुरतं ठेवावं. आणि मुख्य म्हणजे घरातल्या ज्या थोरल्या बाईचा शब्द चालतो, तिला हे आदल्या दिवशी सांगून ठेवावं. ऐन वेळी नवरीने केलेला विरोध लाजणं म्हणूनच धरला जातो.

त्याहूनही आधी एक प्रश्न आहे. नऊवारी नेसून, खोपा घालून, त्यावर गजरा आणि मुंडावळ्या बांधून बसणाऱ्या नवरीला कमरेपर्यंत केस कशाला हवेत? खोप्यात लांबी दिसतच नाही. तिथे हवा असतो तो भराव, आणि तो आत घालायची जाळी, तयार अंबाडा किंवा गंगावन यातून सहज मिळतो. केस मोकळे सोडायचे ते फार तर स्वागत समारंभाचे दोन तास. तेवढ्यासाठी क्लिपचे केस पुरतात, आणि ते नवरीला स्वतःच्या हाताने काढता येतात.

गंगावनाचं नाव निघालंच आहे तर त्यावर थोडं थांबायला हरकत नाही. परके केस मराठी बाईला नवे नाहीत. पणजीच्या फणेरपेटीत गंगावन असायचंच. वेणी घालताना ते पेडात गुंफायचं, खाली गोंडा बांधायचा आणि शेपटा हवा तेवढा लांबवायचा. पूर्वी याकच्या शेपटीच्या केसांचीही गंगावनं असत, पुढे माणसाच्या केसांची आणि नायलॉनची आली. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांसारखे पुरुष नट स्त्रीभूमिका करत, तेव्हा टोपांचा थाट वेगळाच असे. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. रात्री ते उतरायचं. मुळांवर दिवसभर आलेला ओढा झोपताना सुटायचा. टेप, गोंद, रिंगा आणि शिवलेले केस यांच्या बाबतीत तो ओढा रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे चालू राहतो. जाहिरातीत नेमकं हेच कौतुकाने सांगितलं जातं: झोपा, पोहा, प्रवास करा, काढायची गरज नाही.

म्हणून प्रकार निवडताना तो सुटतो कसा, हे आधी पाहावं. क्लिपचे आणि पारदर्शक दोऱ्यावर डोक्याभोवती बसणारे ‘हॅलो’ केस घरीच निघतात. टेपला ती विरघळवणारं खास द्रावण लागतं, पाच-दहा मिनिटं धीर लागतो आणि मागच्या बाजूला दुसऱ्याचे हात लागतात. केराटिनच्या गोंदाचे केस एकेका बटेला गरम यंत्राने चिकटवतात. तीन-चार महिने टिकतात, दिसतातही सर्वांत नैसर्गिक, पण काढताना प्रत्येक गाठ द्रावणाने भिजवून पकडीने चुरडावी लागते. शंभर-सव्वाशे गाठी असतील तर अख्खी दुपार त्यातच जाते. मायक्रो रिंग म्हणजे धातूची बारीक नळी, ती पकडीने दाबून बसवतात आणि तशीच पकडीने उघडतात. गोंद नसल्याने तेलाचं वावडं कमी, पण नळी केसाला एकाच जागी कापत राहते. हेल्मेटखाली ती दाबली जाते हे पुण्या-पिरंगुटच्या दुचाकीवाल्यांनी लक्षात घ्यावं. रिंगा असताना एमआरआय काढायची वेळ आली तर तंत्रज्ञाला आधी सांगावं लागतं, नाहीतर त्याच घाईच्या दिवशी त्या काढत बसावं लागतं. शिवलेल्या केसांत मूळ केसांची आडवी घट्ट वेणी घालून तिच्यावर पट्टा शिवतात. आपल्याकडच्या बारीक, सरळ केसांना हा प्रकार सर्वांत जड जातो.

मालेच्या या सुनेसाठी यातला टेप हा प्रकार मुळात वाईट नव्हता. कोथरूडला राहिली असती तर कदाचित निभावलंही असतं. तिला अडचणीत आणलं ते अंतराने आणि पावसाने.

जूनमध्ये मुळशी खोऱ्यात पाऊस सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे दोन पट्ट्यांमध्ये दाबलेली केसांची मुळं कुठून वाळणार? जोडलेले केस धुतल्यावर मुळाशी ड्रायरने कोरडे करायचे असतात, आणि ऐन पावसात वीज गेली की ड्रायर खुंटीला. कामावर पिरंगुटला जाताना स्कूटरवर रेनकोट, त्याखाली हेल्मेट, त्याखाली ओले केस. आवण काढून भातलावणी सुरू झाली तेव्हा सुट्टीच्या दिवशी तीही खाचरात उतरली. नव्या सुनेने बांधावर उभं राहून केस वाळवत बसणं काही दिसत नाही. ओला केस ताणतो आणि लवकर तुटतो, आणि रात्री ओल्या केसांचा अंबाडा घालून झोपलं की पट्ट्यांच्या खाली जट धरायला लागते. महिन्याभरात डोक्याला खाज आली, कुबट वास येऊ लागला. सासूबाईंनी प्रेमाने एकच उपाय सांगितला, तेल लाव. तेलाने खाज थोडी कमी झाली आणि पट्ट्या सरकल्या. सरकलेली पट्टी शेजारच्या पट्टीच्या केसांना चिकटली.

सलूनला जायचं ठरे रविवारी. पण पावसाळ्यातला रविवार म्हणजे ताम्हिणीला धबधबे पाहायला निघालेलं अर्धं पुणे. संध्याकाळी परतीची रांग लागते तेव्हा पौडपासून पुढे गाडी सरकत नाही. एका रविवारी भातलावणी, पुढच्या रविवारी पाहुणे, त्याच्या पुढच्या रविवारी वेळच मिळाली नाही. आठ आठवडे उलटून गेले. केस दोन सेंटिमीटरहून जास्त वाढले होते. पट्टी मुळाशी असते तेव्हा ती डोक्याबरोबर वळते. दोन-अडीच सेंटिमीटर खाली आली की ती लोंबकळते, उलटीपालटी होते, आणि तिचं सगळं वजन मोजक्या केसांच्या मुळांवर येतं.

शेवटी घरीच काढायचं ठरलं. रात्री खोबरेल तेल थापलं, सकाळी एकेक पट्टी ओढायला सुरुवात केली. तालुक्याच्या गावच्या पार्लरमध्ये टेप सोडवायचं द्रावण नव्हतं. नेलपॉलिश काढायच्या बाटलीतलं अ‍ॅसिटोन वापरावं असं कुणीतरी सुचवलं, पण स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती म्हणून ते टळलं, हे नशीबच. अ‍ॅसिटोन झटक्यात पेट घेतं, डोळ्यांत गेलं तर इजा करतं आणि टाळूची आग होते ती वेगळी. मग जावेने कात्री आणली. जट आणि मूळ केस यांतला फरक मागच्या बाजूला तिला दिसेना, आणि दोन ठिकाणी मूळ केसच कापले गेले. ज्या पट्ट्या ओढून निघाल्या त्यांच्याबरोबर केसांचे पुंजके आले. कानांच्या वर दोन्हीकडे नाण्याएवढी जागा उघडी पडली.

त्या पुंजक्यांकडे बघून तिचं धाबं दणाणलं, पण त्यातले सगळे केस ‘उपटलेले’ नव्हते, आणि हे गणित प्रत्येक बाईने आधी समजून घ्यावं असं आहे. निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० केस गळतात. एरवी ते फणीत, उशीवर, न्हाणीघरात जातात. पट्टीत अडकलेला केस मात्र गळूनही जागेवरच राहतो. आठ आठवड्यांत डोक्यावरून सुमारे २,८०० ते ५,६०० केस गळतात, त्यातले पट्ट्यांच्या टापूतले सगळे काढायच्या दिवशी एकदम हातात येतात. चांगल्या सलूनमध्ये हे आधी सांगतात, दाखवतातही. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक गोळा दिसतो, तर मध्येच तुटलेल्या केसाला तो नसतो. असे तुटके आखूड केस जास्त निघाले तर जोडणी चुकली आहे किंवा काढणी.

मालेच्या सुनेच्या बाबतीत दोन्ही होतं. पुण्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर निदान झालं ते ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशियाचं, म्हणजे सतत ओढ बसल्याने पडणाऱ्या टकलाचं. मुळात टायफॉइडनंतरची गळती पुरती थांबलेली नव्हती, त्यात ही भर. या आजाराची वैद्यकीय नोंद जुनी आहे. १९०७ मध्ये ग्रीनलँडमधल्या स्त्रियांच्या बाबतीत तो प्रथम वर्णिला गेला. त्या केस वर ओढून घट्ट बांधत आणि त्यांच्या कपाळाच्या कडेचे केस जात. पुढे केस कसून बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्ये आणि घट्ट वेण्या घालणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्येही तो दिसला. मॉडेल नेओमी कॅम्पबेल हिने तर एक्स्टेन्शनपायी आपले केस गेल्याचं मुलाखतीत स्वतःच सांगितलं आहे. जगातले सर्वोत्तम केशरचनाकार हाताशी असलेल्या बाईची ही गत, तर बाकीच्यांनी सावध असायला हवं.

हा आजार लवकर लक्षात आला तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग तिथे काही उगवत नाही. म्हणून खुणा माहीत हव्यात. केस बसवल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत थोडं जड वाटणं समजण्यासारखं आहे. पण भुवया वर ओढल्यासारख्या वाटणं, उशीला डोकं टेकवताना दुखणं, मुळाशी पुटकुळ्या किंवा लाल पुरळ येणं, कपाळाच्या कडेला बारीक तुटके केस उभे राहणं ही तक्रार करण्याची लक्षणं आहेत. ‘दोन दिवसांत सवय होईल’ हे उत्तर त्यावर मान्य करू नये. त्याच दिवशी त्या जागेची पट्टी सैल करून घ्यावी किंवा काढून टाकावी.

डॉक्टरांनी तिला हिमोग्लोबिन, शरीरातलं साठवणीचं लोह आणि थायरॉइड तपासायला सांगितलं. या तपासण्या सलूनमध्ये जाण्याआधी झाल्या असत्या तर बरं झालं असतं. केस विरळ झाले म्हणून केस जोडून घ्यावेत, असं बहुतेकींना वाटतं. पण विरळ आणि गळत्या केसांनाच जोडाचं वजन सर्वांत कमी पेलतं. मोठ्या तापानंतरचे किंवा बाळंतपणानंतरचे काही महिने, चाई पडलेली असताना, डोक्यात गजकर्ण किंवा जास्त कोंडा असताना, केमोथेरपी चालू असताना किंवा नुकती संपलेली असताना कायमस्वरूपी जोड टाळावा. मिनॉक्सिडिलचं द्रावण लावणाऱ्यांनीही टेपच्या फंदात पडू नये. त्यातल्या अल्कोहोलमुळे टेप सुटते, आणि टेपखालच्या टाळूला औषध पोचत नाही ते निराळंच. गोंदाची अ‍ॅलर्जीही काहींना असते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ४८ तास चाचणी करून पाहण्याचा आग्रह गिऱ्हाइकाने धरावा, मग सलूनला घाई असली तरी.

आता थोडं त्या विकतच्या केसांबद्दल. पाकिटावर ‘रेमी’ असं छापलेलं असतं. खऱ्या अर्थाने रेमी म्हणजे एका डोक्यावरून जुडीने कापलेले, मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला राखलेले केस. तिरुमला तिरुपती देवस्थान भाविकांनी कल्याणकट्ट्यावर अर्पण केलेले केस लांबीप्रमाणे प्रतवारी करून लिलावाने विकतं आणि त्यातून वर्षाला १०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळवतं. तो माल बराचसा या जातीचा. दुसरा झरा गुंतवळीचा. ‘केसांवर भांडी’ अशी हाळी देत फिरणारे लोक फणीतल्या केसांचे गुंडाळे घेऊन बदल्यात भांडं देतात, ते केस पोत्यांनी पुढे जातात. कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर हे अशा गुंतवळीचा गुंता सोडवण्याचं मोठं केंद्र आहे. तिथे बायका दिवस दिवस बसून एकेक केस मोकळा करतात. पण कितीही सोडवलं तरी त्यात मुळं आणि टोकं उलटसुलट मिसळलेलीच राहतात. केसाच्या पृष्ठावर माशासारखे बारीक खवले असतात, आणि उलटसुलट खवले एकमेकांत अडकून जट धरते. म्हणून हे केस आम्लात बुडवून खवले काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा लेप देऊन चमकवतात. दुकानात असे केस रेमीहून जास्त झुळझुळीत दिसतात. दहा-बारा धुण्यांत लेप उतरतो आणि मग त्यांचा काथ्या होतो.

केस आले कुठून, या प्रश्नावरून एकदा मोठं वादळही उठलं होतं. मे २००४ मध्ये जेरुसलेमच्या एका ज्येष्ठ रब्बींनी असा निर्णय दिला की देवाला वाहिलेल्या भारतीय केसांचे टोप धर्मनिष्ठ ज्यू स्त्रियांनी वापरू नयेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लोकांनी महागडे टोप रस्त्यावर आणून जाळले. आपल्या सरकारनेही जानेवारी २०२२ मध्ये कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, कारण माल परस्पर देशाबाहेर जाऊन इथल्या कारागिरांचं काम बुडत होतं. केस कुठून आला हे एवढ्या लोकांना महत्त्वाचं वाटत असेल, तर हजारो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने सलूनमध्ये ते विचारण्यात संकोच कसला? ‘रेमी’ म्हणून छापलेल्या पाकिटावर भिस्त न ठेवता एक बट मागून घ्यावी. टोकाकडून मुळाकडे बोटं फिरवली तर खवले असलेला केस किंचित खरखरीत लागतो. दोन्ही बाजूंनी काचेसारखा गुळगुळीत लागला तर लेप आहे असं समजावं. साध्या शांपूने तीनदा धुऊन, वाळवून पाहावं. दोन केस जाळून पाहिले तर माणसाचा केस चुरचुरून राख होतो आणि ओळखीचा वास येतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. कृत्रिम केस दोन तासांच्या क्लिपला चालतात, पण त्यांवर केस सरळ करायचं यंत्र फिरवलं की संपले.

निगेचं म्हणाल तर ती रोजची असते, पण अवघड नाही. धुताना डोकं खाली वाकवून केस पुढे टाकायचे नाहीत. उभ्याने, वरून खाली पाणी सोडायचं. शांपू मुळांना, कंडिशनर मधल्या भागापासून टोकांपर्यंत, जोडापासून चार बोटं दूर. तेलाशिवाय चैन पडत नसेल तर तेही तिथेच खाली, तळहातावर चोळून. विंचरताना एका हाताने जोडाची जागा धरून ठेवायची आणि टोकाकडून सुरुवात करत वर यायचं. झोपताना सैल वेणी, केस पूर्ण वाळलेले. आठवड्यातून एकदा बोटं मुळांतून फिरवून शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींना धरत नाहीत ना ते पाहायचं. हे शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. पावसाळी भागात राहणाऱ्या, शेतात किंवा स्वयंपाकघराच्या वाफेत दिवस काढणाऱ्या बाईने मात्र जूनच्या आधीच सगळं उतरवून घ्यावं आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा विचार करावा.

पैशांचा व्यवहार कागदावर हवा. बिलात नुसतं ‘हेअर एक्स्टेन्शन’ एवढंच लिहून घेऊ नये. केसांचा प्रकार, लांबी, वजन किती ग्रॅम, बसवण्याची मजुरी किती, वर घेण्याची किती आणि काढण्याची किती, हे वेगवेगळं लिहून घ्यावं. काढण्याचे पैसे वेगळे पडतात हे पुष्कळ जणींना तिथे गेल्यावरच कळतं. बसवण्याआधी भांगाचे, कानांच्या वरचे आणि मानेजवळचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. आपल्या राहत्या गावाजवळचं दुसरं कुठलं सलून हाच प्रकार काढून देईल, हे फोन करून आधीच ठरवावं. सासर, नोकरी, परगाव यांपैकी काहीही बदलणार असेल तर हे आधी आणि रंगाची निवड नंतर. टेप सोडवायच्या द्रावणाची एक बाटली विकत घेऊन घरात ठेवली आणि ती वापरायची कशी हे सलूनमध्येच एका मैत्रिणीला किंवा बहिणीला शिकवून घेतलं, तर अडल्या वेळी कात्री हातात घ्यावी लागत नाही.

वाद झाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सलूनच्या सेवेलाही लागू आहे. आधी सलूनला लेखी कळवावं, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा आयोगाकडे. मोजलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. पुरावा मात्र हवाच. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली एका महिलेचे केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये तिला २ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि देशभर त्याच्या बातम्या झाल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतली त्रुटी मान्य ठेवली, पण एवढी मोठी रक्कम पुराव्याच्या आधाराशिवाय ठरवता येत नाही म्हणत ती रद्द केली आणि भरपाई नव्याने ठरवायला प्रकरण परत पाठवलं. २ कोटींचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, परत पाठवल्याची बातमी थोड्यांनी वाचली.

मालेच्या सुनेने तक्रार केली नाही. सलूनने सांगितलेली मुदत तिनेच पाळली नव्हती आणि बिलावर एका ओळीपलीकडे काही नव्हतं. कानांवरचे केस डॉक्टरांच्या उपचाराने पुढल्या काही महिन्यांत भरत आले, आधी लव आणि मग काळे. दसऱ्यापर्यंत ती भांग बाजूला पाडून ते झाकत होती. निघालेल्या पट्ट्यांपैकी ज्या कात्रीतून वाचल्या त्या तिने फेकल्या नाहीत. कोथरूडच्याच एका कारागीर बाईकडून त्यांचा गोंद साफ करून घेतला, दोन-दोन पट्ट्या एकत्र शिवल्या आणि मागे क्लिपा बसवून घेतल्या. धाकट्या दिराच्या हळदीत त्या पेटीतच राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी अक्षता पडण्याच्या अर्धा तास आधी तिने त्या स्वतःच्या हाताने लावल्या.